एस्टोनियन लोककथांतील ‘क्रात्त’ या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो आला कुठून?

प्रश्न: अक्षरवाटा

नमस्कार. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी निरनिराळ्या देशांच्या सरकारांनी कोणती धोरणे आखली आहेत, यावर मी एका दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहे आणि एस्टोनियापाशी येऊन माझे घोडे अडले आहे. या देशाच्या २०१९ च्या धोरणात आणि त्याभोवती झालेल्या चर्चेत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्रणालींना ‘क्रॅट’ असे म्हटलेले आढळते. रोमन लिपीत के, आर, ए आणि त्यापुढे दोन टी असा हा शब्द लिहितात. तो एस्टोनियन लोककथांमधला आहे एवढे चटकन कळले, पण पुढे प्रत्येक ठिकाणी वेगळाच अर्थ सापडू लागला. एका इंग्रजी लेखात तो ‘दुष्टात्मा’ आहे, दुसऱ्यात ‘बुटका राक्षस’, तिसऱ्यात ‘जादूचा नोकर’, तर चौथ्यात चक्क ‘खजिना राखणारा’ आहे. हे चारही अर्थ एकाच प्राण्याचे असतील, यावर माझा विश्वास बसत नाही.

माझ्या शंका अशा. क्रॅट हा आत्मा आहे की वस्तू, म्हणजे तो कुठून तरी येतो की कोणीतरी त्याला बनवते? शब्दाचे मूळ कोणते? एस्टोनियन सरकारच्या नागरिक-साहाय्यक प्रणालीचे नाव ‘ब्यूरोक्रॅट’ असल्यामुळे, डेमोक्रॅट आणि ब्युरोक्रॅट या शब्दांतला ग्रीक ‘क्रॅट’ तोच हा की काय, अशी शंका मला येते. तसे असेल तर लोककथेची गोष्टच निकालात निघते. शेवटची अडचण मराठी प्रतिशब्दाची. संपादकांनी ‘वेताळ’ सुचवला आहे. तो मला पटत नाही, पण का पटत नाही हे मला त्यांना नीट सांगताही येत नाही.

उत्तर: तळटीप

आपली शेवटची अस्वस्थता योग्य आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. वेताळ हा मुळात आहेच. तो स्मशानात असतो, झाडाला लटकतो, भुतांचा राजा म्हणून पालखीतून मिरवतो. माणूस त्याला भेटतो, वश करतो किंवा त्याच्यापुढे हात टेकतो, पण त्याला बनवत नाही. क्रात्तचे सगळे मर्मच हे आहे की तो बनवावा लागतो. (उच्चार ‘क्रॅट’ नाही; त्यातला स्वर ‘आ’कडे झुकणारा आहे आणि शेवटचा ‘त’ चांगला दाबून म्हणायचा असतो, म्हणून मी ‘क्रात्त’ लिहितो.)

तो बनवायचा कशाचा, याची वर्णने वाचण्यासारखी आहेत. गवताची पेंढी, जुना खराटा, मोडके दंताळे, गाडीचे निकामी चाक, घरातली फुटकी भांडी, एखादे हाडूक, चिंध्या. शेतकऱ्याच्या घरी कोपऱ्यात जे पडलेले असते, ज्याचा उपयोग संपलेला असतो, तेच बांधून त्याला हातपाय द्यायचे. मग गुरुवारच्या रात्री, बहुतेक कथांत लागोपाठ तीन गुरुवारी, चौरस्त्यावर जायचे, सैतानाला बोलवायचे आणि आपल्या रक्ताचे तीन थेंब द्यायचे. या सैतानाला एस्टोनियन कथांत ‘वानापागन’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘म्हातारा विधर्मी’. तो बाहुल्यात प्राण फुंकतो आणि मोबदल्यात मालकाचा आत्मा त्याच्या नावे लागतो. काही कथांत हुशार शेतकरी रक्ताऐवजी काळ्या मनुकांसारख्या रानफळांचा रस देऊन सैतानाला फसवतो. करार होतो, काम चालू होते आणि सही मात्र खोटी असते! मला या कथा सर्वांत जास्त आवडतात.

जिवंत झालेला क्रात्त दुसऱ्यांच्या घरातून धान्य, दूध, लोणी, पैसा उचलून मालकाच्या कोठारात आणून टाकतो. म्हणजे आपल्या लेखांतला ‘खजिना राखणारा’ हा अर्थ अर्धवट आहे. तो राखत नाही, वाहून आणतो. एस्टोनियन अभ्यासक या साऱ्या जातीला ‘वारावेदाया’ म्हणतात. ‘वारा’ म्हणजे मालमत्ता आणि ‘वेदाया’ म्हणजे ओढून नेणारा. रात्री आकाशातून आगीची शेपटी फरफटत काही गेले, म्हणजे आपण ज्याला उल्का म्हणू ते दिसले, की कोणाचा तरी क्रात्त भरला बोजा घेऊन घरी चालला आहे असे समजत. म्हणूनच त्याचे आणखी एक नाव ‘तुलिहँड’ आहे. ‘तुली’ म्हणजे आग आणि ‘हँड’ म्हणजे शेपूट.

आता खरी गोम. क्रात्तला एक क्षणही रिकामे ठेवता येत नाही. काम संपले की तो नवे मागतो आणि मिळाले नाही तर मालकाच्याच नरडीला हात घालतो. त्यातून सुटायचे तर न होणारे काम सांगायचे. पावाची शिडी कर, असे सांगितले की तो खटपट करतो, जमत नाही, संतापाने पेटतो आणि जळून जातो. बहुधा घरालाही घेऊन जातो. एखादे शेतघर कारण न कळता जळाले, तर गावकऱ्यांना त्याचा उलगडा असा होत असे. त्याला खाऊपिऊही घालावे लागे. गड्याने त्याच्यासाठी ठेवलेली लापशी चोरून खाल्ली आणि भांड्यात घाण करून ठेवली, मग क्रात्तने सूड म्हणून घर पेटवले, अशीही कथा एस्टोनियात आणि शेजारच्या प्रदेशांत सांगतात.

या गोष्टी कुणा एका लेखकाच्या कल्पनेतून आलेल्या नाहीत. याकोब हुर्त या धर्मगुरूने १८८८ मध्ये वृत्तपत्रांतून आवाहन केले की आपल्या गावचे जुने बोलणे, गाणी, समजुती लिहून पाठवा. त्याला सुमारे १,४०० लोकांनी साथ दिली आणि लाखाहून अधिक पानांचा संग्रह उभा राहिला. हा साठा १९२७ मध्ये तार्तू शहरात स्थापन झालेल्या एस्टोनियन लोकसाहित्य अभिलेखागारात आला. लिहून पाठवणाऱ्यांत शिक्षक होते, शेतकरी होते, तरुण विद्यार्थी होते, आणि त्यांतल्या पुष्कळांनी ‘आमच्या आजोबांच्या गावी अमुक घरात क्रात्त होता’ अशा थाटात लिहिले आहे. हा थाट महत्त्वाचा आहे. क्रात्त नेहमी दुसऱ्याच्या घरी असतो. एखाद्याचे कोठार सारखे भरलेले का, आणि माझ्या गाईचे दूध कमी का झाले, या दोन प्रश्नांना मिळून दिलेले ते एक उत्तर आहे. शेजाऱ्याची भरभराट डोळ्यांत खुपते तेव्हा तिला जे नाव मिळते, ते हे.

एक गोष्ट माझ्या मते या कथांना धरून आहे, ती सांगून थांबतो. एस्टोनियन शेतकरी शतकानुशतके जर्मन जमीनदारांचे भूदास होते. भूदास्य कायद्याने संपले ते देशाच्या उत्तरेकडील प्रांतात १८१६ मध्ये आणि दक्षिणेकडील लिव्होनिया प्रांतात १८१९ मध्ये. त्यानंतरही वेठबिगारीच्या स्वरूपात काम करून द्यावे लागणे लगेच थांबले नाही. ज्याला स्वतःलाच दुसऱ्याच्या कोठारासाठी राबावे लागते, त्याने स्वतःसाठी राबणारा, कधीही न थकणारा गडी भंगारातून बनवण्याचे स्वप्न पाहावे, आणि त्या स्वप्नातही गड्याच्या हातून मालकाचा गळा आवळला जावा, हे मला फार बोलके वाटते. हे माझे वाचन आहे. ते कोणाला पटलेच पाहिजे असे नाही.

उत्तर: उत्तरवारा

तळटीप यांनी अर्थाचा भाग इतका नीट मांडला आहे की मी सरळ व्युत्पत्तीकडे वळतो. मी हेलसिंकीत राहतो. फिनिश बोलतो आणि तिच्या आधाराने एस्टोनियन वाचतो. या दोन भाषा सख्ख्या बहिणी नसल्या तरी चुलत बहिणी निश्चित आहेत आणि या शब्दाच्या बाबतीत फिनिश बहिणीची साक्ष फार उपयोगी पडते.

पहिले म्हणजे ग्रीकशी या शब्दाचा काहीही संबंध नाही. डेमोक्रॅटमधला ‘क्रॅट’ ग्रीक ‘क्रातोस’, म्हणजे सत्ता, यापासून आला आहे. ‘ब्यूरोक्रात्त’ हे नाव मुद्दाम केलेली कोटी आहे: नोकरशहा या अर्थाच्या ‘ब्यूरोक्राट’ या एस्टोनियन शब्दाच्या शेवटी दोन ए आणि एक टी असतो, त्याऐवजी एक ए आणि दोन टी घालून त्यात क्रात्त बसवला आहे. कोटी इतकी बेमालूम जमली आहे की आपल्यासारखा सावध वाचकही फसावा, यात नवल नाही.

दुसरे म्हणजे हा शब्द मुळात एस्टोनियनही नाही. तो स्वीडिशकडून आलेला आहे. जुन्या स्वीडिशमध्ये आणि स्वीडिश बोलींत ‘स्क्रात्ते’ म्हणजे भूत, झोटिंग. जुन्या नॉर्समध्ये ‘स्क्राति’ म्हणजे चेटक्या किंवा राक्षस. जर्मनमधला रानात राहणारा केसाळ ‘श्राट’ याच कुळातला आहे, आणि इंग्रजीत सैतानाला गमतीने ‘ओल्ड स्क्रॅच’ म्हणतात, तोही व्हायकिंगांबरोबर गेलेला याच घराण्यातला. मग सुरुवातीचा ‘स’ कुठे गेला? फिनिश आणि एस्टोनियन यांना शब्दारंभीची जोडाक्षरे पूर्वी चालत नसत, त्यामुळे उसन्या शब्दांची डोकी त्या छाटून टाकत. शाळेला स्वीडिशमध्ये ‘स्कूला’ म्हणतात. फिनिशमध्ये त्याचे ‘कोउलु’ झाले, आणि याच कुळातल्या जर्मन शब्दाचे एस्टोनियनमध्ये ‘कोल’ झाले. समुद्रकिनाऱ्याच्या ‘स्ट्रांड’चे फिनिशमध्ये ‘रांता’ आणि एस्टोनियनमध्ये ‘रांद’ झाले, म्हणजे तिथे ‘स’ आणि ‘त’ दोन्ही गळाले. ‘स्क्रात्ते’मधला ‘स’ गेला आणि ‘क्र’ मात्र टिकून राहिला, एवढेच.

हा शब्द फार अलीकडे आला नसावा, असे म्हणायला एक चांगला आधार आहे. फिनिश लिखित भाषेचा जनक मिकाएल आग्रिकोला याने १५५१ मध्ये स्तोत्रसंहितेचे भाषांतर छापले आणि त्याच्या पद्यमय प्रस्तावनेत आपले लोक अजून कोणकोणत्या खोट्या देवांना मानतात, याची यादी दिली. तो धर्मगुरू होता, पुढे बिशप झाला. त्याचा हेतू निंदेचा होता. आज तीच यादी फिनिश दैवतकथांच्या अभ्यासकांची ठेव होऊन बसली आहे. फिनलंडमधल्या हामे प्रांताच्या देवांमध्ये तो ‘क्राती’चे नाव घेतो आणि तो मालमत्तेची काळजी वाहतो, असे सांगतो. त्याच यादीत घरचा कारभार पाहणारा ‘तोंतू’ आहे आणि तोही स्वीडिश ‘तोम्ते’वरूनच आला आहे. उत्तर एस्टोनियावर स्वीडनचे राज्य १५६१ मध्ये सुरू झाले आणि १७१० पर्यंत टिकले. फिनिश ‘क्राती’ मात्र त्याच्या दहा वर्षे आधी छापला गेला होता, आणि तोही जुनी समजूत म्हणून. तेव्हा ‘स्वीडिश राजवटीत हा शब्द एस्टोनियात आला’ असे सरधोपट विधान आपल्या लेखात करू नये. एस्टोनियाच्या किनाऱ्यावर आणि वोर्म्सी, रुह्नू यांसारख्या बेटांवर स्वीडिश बोलणारे कोळी-शेतकरी मध्ययुगापासून राहत होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३-४४ च्या सुमारास, त्यांतले बहुतेक स्वीडनला निघून गेले. भुतांची नावे राजाच्या फर्मानातून येत नाहीत. ती शेजारणीच्या तोंडून येतात.

आता अर्थाचा घोळ. ‘स्क्रात्ते’ हे नुसते भूत आहे. ते कोणी बनवत नाही, ते धान्यही वाहत नाही. फिनिश ‘क्राती’ धनाशी जोडलेला आहे, पण तो राखणदाराकडे अधिक झुकतो. आपल्याला सापडलेला ‘खजिना राखणारा’ हा अर्थ बहुधा फिनिशच्या वाटेने आलेला असावा. एस्टोनियन क्रात्त हा बनवलेला मजूर आहे. म्हणजे नाव समुद्रापलीकडून आले आणि ज्याला ते चिकटले ती वस्तू घरची होती. शब्दाचे मूळ सापडले की अर्थ सापडला, असे आपल्याला फार वेळा वाटते. इथे ते चालत नाही. ‘स्क्रात्ते’चा अर्थ घेऊन क्रात्त समजून घ्यायला गेलात तर ‘दुष्टात्मा’ हाती लागेल, आणि इंग्रजी लेखांमध्ये नेमके तेच झाले आहे.

त्याच्या भावंडांची नावे पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते. फिनिशमध्ये दूध-लोणी चोरून आणणारी ‘पारा’ आहे. तिचे नाव स्वीडिश ‘बेरा’, म्हणजे वाहणे, यावरून आले आहे. एस्टोनियनमधला ‘वेदाया’ हा शब्द त्याच अर्थाचा, पण देशी. लिथुआनियात हेच काम कोंबड्यासारखा दिसणारा, उडताना आगीची शेपटी होणारा ‘आइत्वारास’ करतो. लाटव्हियात ‘पूकिस’ आहे आणि एस्टोनियात क्रात्तलाच ‘पूक’ असेही म्हणतात. हे दोन्ही शब्द जर्मन-स्कँडिनेव्हियन ‘पूक’ या भुताच्या नावावरून आले असून इंग्रजीतला खोडकर ‘पक’ही त्यांचाच नातलग आहे. आजच्या एस्टोनियनमध्ये मात्र ‘पूक’ म्हटले की कोणाच्याही डोळ्यांपुढे भूत येत नाही, गोचीड येतो. दुसऱ्याचे पिऊन टम्म फुगलेला गोचीड आणि दुसऱ्याचे आणून कोठार फुगवणारा पूक एकाच शब्दात राहतात, आणि मला तरी त्यात काही विसंगत वाटत नाही.

उत्तर: कोकणकडा

दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला. माझी दोन निरीक्षणे मांडतो. चुकीची असल्यास दुरुस्त करावीत.

पहिले म्हणजे, ही गोष्ट आपल्याकडेही आहे. माझी आजी सांगत असे: एका माणसाला भूत वश होते, पण अट अशी की त्याला सतत काम द्यायचे, नाहीतर ते मालकालाच खाणार. विहीर खणून झाली, वाडा बांधून झाला, शेत नांगरून झाले, आता काय? तेव्हा घरातली शहाणी बाई म्हणते, अंगणात एक उंच बांबू रोव आणि मी सांगेपर्यंत यावरून चढ-उतार कर. भूत अजून चढ-उतार करीत आहे, असे आजी म्हणायची आणि आम्ही अंगणाकडे बघायचो. पावाची शिडी आणि आपला बांबू एकाच गोष्टीच्या दोन आवृत्त्या नाहीत काय?

दुसरे निरीक्षण शब्दाविषयी आहे. क्रात्त हा ‘बनवलेला’ आहे, हे तळटीप यांनी ठासून सांगितले. संस्कृतात ‘कृत’ म्हणजे केलेला, बनवलेला. क्रात्त आणि कृत! अर्थही जुळतो आणि ध्वनीही. स्वीडिश ही इंडो-युरोपीय भाषा असल्याने ‘स्क्रात्ते’च्याही मागे कुठेतरी ‘कृ’ धातू असू शकेल काय?

उत्तर: उत्तरवारा

कोकणकडा, आपल्या आजीची गोष्ट मलाही आठवते आणि ती इथे आणल्याबद्दल आभार. काम न मिळाल्यास मालकावर उलटणारा सेवक आणि त्याला अशक्य कामात अडकवणे, हा कथाघटक फार दूरवर पसरलेला आहे. युरोपात सैतानाला वाळूची दोरी वळायला सांगतात. (आपल्याकडे वाळूचे कण रगडून तेल काढायचे असते. अशक्याची कल्पना करायला वाळू सगळ्यांनाच लागते, पण कोणाला तिच्यातून दोरी हवी असते आणि कोणाला तेल, ही मजा आहे.) फरक शेवटात आहे. आपले भूत बांबूवर अडकून राहते आणि मालक सुटतो. पाहिजे तेव्हा त्याला खाली बोलावताही येईल. क्रात्त जळतो आणि मालक वाचला तरी छप्पर जाते. शिवाय आपले भूत वश केलेले आहे, घडवलेले नाही. त्याच्या अंगात खराटा आणि गाडीचे चाक नाही. म्हणून साम्य खरे असले तरी नाते जोडण्याची घाई करू नये.

‘कृत’विषयी मात्र ठाम नकार द्यावा लागतो. एस्टोनियन ही उरालिक कुळातली भाषा आहे, त्यामुळे तिच्यातून संस्कृतपर्यंत थेट वाट नाही; जी काही वाट असेल ती स्वीडिशमधून जायला हवी. जर्मॅनिक भाषांमध्ये शब्दारंभीचा जुना ‘क’ बदलून ‘ह’ झाला. आपल्या ‘कः’, म्हणजे कोण, या सर्वनामाचा भाऊ स्वीडिशमध्ये ‘क’ने सुरू होत नाही, तो याच कारणाने. ‘कृ’ धातूचा एखादा वंशज तिथे असताच, तर तोही ‘क्र’ने सुरू झाला नसता. ‘स’च्या पाठीशी असलेला ‘क’ तेवढा या बदलातून सुटला, आणि ‘स्क्रात्ते’मध्ये तो ‘स’ आहे. पण मग ‘कृत’मध्ये तो कुठे आहे? आपण ज्याची तुलना करत आहात तो ‘क्रात्त’ हा डोके छाटलेला शब्द आहे. डोके परत लावले की साम्य संपते.

अक्षरवाटा

मनापासून आभार. ‘वेताळ’ का नको, हे आता मला संपादकांना सांगता येईल. एक गोष्ट मात्र अजून खटकते. जो आत्मा गहाण ठेवायला लावतो आणि रिकामा राहिला तर मालकाचा गळा आवळतो, त्याचे नाव एखादे सरकार आपल्या तंत्रज्ञानाला का देईल? आपल्याकडे कोणी सरकारी योजनेला ‘ब्रह्मसमंध’ नाव देईल, अशी कल्पनाही करवत नाही. की एस्टोनियन लोकांना आता त्या शब्दात भय जाणवतच नाही?

उत्तर: तळटीप

भय पुष्कळ कमी झाले आहे, हे खरे, पण ते हळूहळू झाले आहे. विसाव्या शतकात क्रात्त रंगभूमीवर गेला. एदुआर्द तुबिन या संगीतकाराने लोकधुनांच्या आधारे ‘क्रात्त’ नावाचेच नृत्यनाट्य रचले. ते पहिले एस्टोनियन बॅले मानले जाते आणि १९४३ मध्ये तार्तूच्या वानेमुइने नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. ९ मार्च १९४४ च्या संध्याकाळी ताल्लिनमधल्या एस्टोनिया नाट्यगृहात याच बॅलेचा प्रयोग चालू असताना सोव्हिएत विमानांनी शहरावर बाँब टाकले आणि नाट्यगृह जळाले. लोककथेत घर पेटवणारा क्रात्त त्या रात्री रंगमंचावर होता, ही गोष्ट ताल्लिनमध्ये आजही आवर्जून सांगितली जाते. म्हणजे शब्द निरुपद्रवी झाला असला तरी विसरला गेलेला नाही. शाळकरी मुलालाही क्रात्त म्हणजे काय ते माहीत असते, आणि सरकारला नेमके हेच हवे होते.

आता आपला मूळ प्रश्न. एस्टोनियात २०१७ च्या सुमारास चर्चा सुरू झाली ती विनाचालक मोटारींवरून. अशा यंत्राने कोणाचे नुकसान केले तर जबाबदार कोण: बनवणारा, विकणारा, वापरणारा की यंत्र स्वतः? हा कायद्याचा किचकट प्रश्न सामान्य नागरिकांपुढे कसा मांडायचा, याचा विचार करताना क्रात्त हाताशी आला. त्याची कथा याच प्रश्नाची आहे. साध्या वस्तूंपासून बनवलेली, स्वतः हालचाल करणारी, मालकासाठी राबणारी आणि चुकीचा हुकूम मिळाल्यास घात करणारी वस्तू. आणि तिने शेजाऱ्याच्या कोठारातून काही उचलले, तर गाव क्रात्तला नव्हे, मालकाला धरते. येऊ घातलेल्या कायद्याला लोक ‘क्रात्त कायदा’ म्हणू लागले. पुढे तज्ज्ञगटाचा अहवाल आणि २०१९ च्या उन्हाळ्यात धोरण आले, त्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रत्यक्ष वापरात आलेल्या प्रणालीला क्रात्त म्हणण्याचा प्रघात पडला. तेव्हा त्यातले भय वगळून हा शब्द घेतलेला नाही. भयासकट घेतला आहे, आणि मला तरी ती निवड ‘बुद्धिमत्ता’ या भारदस्त शब्दापेक्षा प्रामाणिक वाटते. ‘बुद्धिमत्ता’ म्हटले की यंत्राला डोके आहे, असे गृहीत धरले जाते. क्रात्तला डोके म्हणून एखादे फुटके मडके असते, आणि म्हणूनच तो पावाची शिडी करायला बसतो.

आपल्या लेखात एक सावधगिरी घ्यावी, असे सुचवतो. सैतानाशी केलेला करार आणि रक्ताचे थेंब हा भाग तंत्रज्ञानाच्या चर्चेत फारसा येत नाही; तिथे भर असतो तो राबणे आणि हुकूम यांवर. लोककथा आणि धोरण यांतला हा फरक न दाखवता ‘एस्टोनियाने कृत्रिम बुद्धिमत्तेला सैतानाचे नाव दिले’ असा मथळा कोणी केला, तर तो खमंग होईल, पण खोटा होईल. क्रात्त सैतान नाही. सैतान चौरस्त्यावर भेटतो. क्रात्त आपण घरून बांधून नेलेला असतो.

उत्तर: कोकणकडा

‘कृत’ मागे घेतो. मग मराठीत काय लिहावे? ‘राबता पुतळा’? ‘बुजगावणे’ मला जवळचे वाटते: तेही चिंध्या, मडके, गवत यांचेच असते.

उत्तर: उत्तरवारा

बुजगावणे दिसायला अगदी जवळचे आहे आणि पहिल्या ओळखीसाठी उपमा म्हणून जरूर वापरावे: ‘बुजगावण्यासारखे बांधून सैतानाकडून जिवंत करून घेतलेले, मालकासाठी चोऱ्या करणारे बाहुले’. पण प्रतिशब्द म्हणून ते चालणार नाही, कारण बुजगावण्याचे काम जागेवर उभे राहणे आहे आणि क्रात्तला उभे राहायला फुरसतच नाही. ‘राबता पुतळा’ वाचताना पुतळा डोळ्यांपुढे येतो, राबणे येत नाही. आपण जिन, परी, ड्रॅगन हे शब्द जसे आहेत तसे घेतले. तसाच हाही घ्यावा आणि पहिल्या उल्लेखात एका वाक्यात समजावून द्यावा.

लिहिताना ‘क्रात्त’ असेच लिहावे, ‘क्रॅट’ नको; त्या ‘ॲ’मुळे पुन्हा डेमोक्रॅटची आठवण येते. एस्टोनियनमध्ये ‘क्रात्तचा’ म्हणायचे झाले की दाबलेला ‘त’ सैल होऊन ‘क्राती’ होतो आणि अनेकवचन ‘क्रातिद’ होते, म्हणून सरकारी मजकुरात ही रूपे दिसली तर ती वेगळे शब्द समजू नयेत. मराठीत मात्र आपले प्रत्यय लावायला हरकत नाही: क्रात्तला, क्रात्तने, क्रात्तांचा. सरकारी साहाय्यकाचे नाव ‘ब्यूरोक्रात्त’ असे त्या दाबलेल्या ‘त’सकटच छापावे आणि मुद्रितशोधकाला आधी सांगून ठेवावे, नाहीतर तो चूक समजून ‘ब्युरोक्रॅट’ करील आणि कोटी हरवेल.